तुम्ही विचारलंत म्हणून: पोपटाला आंघोळ कशी घालता?

घरी कोणी आलं की चहा येईपर्यंत हा प्रश्न येतोच. "याला आंघोळ घालता का हो? कशी?" तर मी घालत नाही, तो करतो. मी पाणी ठेवते आणि बाजूला होते. त्याला हातात धरून नळाखाली वगैरे नेणं हे लाड नाहीत, छळ आहे.

आधी सांगून टाकते, आमचा गुंड्या म्हणजे बजी, दुकानात लव्हबर्ड म्हणून विकतात तो छोटा ऑस्ट्रेलियन पोपट, वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. आपला लाल चोचीचा हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे "तो मिठू का नाही आणलात" हे प्लीज विचारू नका.

तर एक पसरट वाटी, त्यात बोटाचं पेर बुडेल एवढंच पाणी, साधं, माठातलं गार नाही की गीझरचं कढत नाही. शाम्पू तर अजिबात नाही, बेबी शाम्पूसुद्धा नाही, कारण शेपटीच्या मुळाशी त्याची तेलाची ग्रंथी असते आणि ते तेल चोचीनं पिसापिसाला लावत तो तास न् तास बसलेला असतो, आपण साबण लावायचा आणि त्याची सगळी मेहनत धुऊन टाकायची याला काय अर्थ. हळदीचं पाणी, कडुलिंबाचं पाणी असं पण लोक सुचवतात, मी ऐकून घेते आणि साधंच ठेवते.

पण खरं सांगू का, वाटीपेक्षा त्याला कोथिंबीर आवडते. नाशकात कोथिंबिरीला तोटा नाही, एक चांगली पानांची जुडी आणायची, फवारणीचं औषध जावं म्हणून तीन-चार पाण्यातून धुवायची आणि न झटकता तशीच ओली पिंजऱ्यात ठेवायची. मग बघा. डोकं खुपसतो, पाठ घासतो, लोळतो, मध्येच दोन पानं खातो. रानातले बजी पण दवानं भिजलेल्या गवतात असेच अंग भिजवतात. मेथी पण चालते. सासूबाईंचं म्हणणं की आमटीला चार काड्या आणि याला अख्खी जुडी, ते बरोबरच आहे, पण काय करणार.

हे सगळं सकाळी, ऊन गॅलरीत आलं की, म्हणजे संध्याकाळपर्यंत तो पूर्ण सुकतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी माहितीये ना, तेव्हा कडक गारठ्याच्या दिवशी सुट्टी, तो काही रामकुंडावर कुंभाला आलेला नाही. आणि हेअर ड्रायर नको म्हणजे नको, काहींच्या आत नॉनस्टिकसारखं कोटिंग असतं, ते तापलं की त्याच्या वाफेनं पक्षी दगावतो. त्याच कारणानं नॉनस्टिक तवा आमच्याकडून गेला, बिडाचा आला, घावन उलट बरे होतात. अगरबत्ती, धूप, रूम फ्रेशनर पण त्याच्या खोलीत नाही.

लाडाचा खरा सीझन म्हणजे पिसं गळायला लागली की. नवीन पीस बारीक पांढऱ्या वेष्टणात येतं, बाकी अंगावरचं तो चोचीनं सोलतो पण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच कशी पोचणार, ते काम जोडीदाराचं, आणि इथे जोडीदार म्हणजे मी. मान वाकडी करून पुढ्यात येतो, मी नखानं हलकेच चोळते, तयार झालेलं वेष्टण भुगा होऊन पडतं. कच्चं असलं तर दुखतं, लगेच चावतो. फक्त डोकं आणि मान हां, पाठीवरून हात फिरवायचा नाही, त्यांच्यात ते जोडी जमवण्याचं लक्षण आणि मग उगाच हार्मोन्स चढतात.

चोच घासायला समुद्रफेस, म्हणजे माकूळ या समुद्रजीवाचं आतलं पांढरं कवच, टांगलाय. नखं मी कापत नाही, आत रक्तवाहिनी असते, ते पक्ष्यांच्या डॉक्टरांचं काम. त्यांच्याकडून आलं की गुंड्या दिवसभर माझ्याकडे पाठ करून बसतो, बिलही मीच भरलेलं असतं.