सरळ रेषेला शॉक देतात का?

गेली 23 वर्षं मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात सिस्टर आहे, त्यातली 16 आयसीयूत. त्यामुळे बिल्डिंगमध्ये, लोकलच्या लेडीज डब्यात, हळदीकुंकवाला, कुठेही गेले तरी कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, सिरीयलमध्ये हॉस्पिटल दाखवतात, तसं खरंच असतं का हो?" परवा विक्रोळीला दारात उभी असताना एकीने विचारलं आणि मी तोंड उघडेपर्यंत स्टेशन आलं. म्हणून आता नीट लिहिते.

सगळंच खोटं नसतं. मॉनिटर खरा असतो, सलाइन खरी असते, हल्ली तर व्हेंटिलेटरही खरा आणून ठेवतात. पण एक दृश्य असं आहे की ज्यामुळे मला प्रत्यक्ष ड्युटीवर त्रास झालाय, आणि त्याबद्दलच मला मुख्यतः सांगायचंय.

दृश्य तुम्हाला पाठ आहे. मॉनिटरवरची हिरवी रेषा सरळ होते, एकसुरी आवाज सुरू होतो, डॉक्टर धावत येतात, दोन पॅडल एकमेकांवर घासून छातीवर टेकवतात, पेशंट गादीवरून उडतो. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा रेषा उड्या मारायला लागते आणि पेशंट डोळे उघडतो.

सरळ रेषेला शॉक देत नाहीत. हृदय विजेच्या लयीवर चालतं. कधी कधी ती लय पार विस्कटते, हृदयाचे स्नायू नुसतेच थरथरत राहतात आणि रक्त पुढे जात नाही. त्या वेळी मॉनिटरवर वेडीवाकडी, गिचमिड रेषा दिसते. आम्ही तिला व्हीएफ म्हणतो. शॉक आहे तो यासाठी. तो सगळा गोंधळ एका क्षणात थांबवायचा, म्हणजे हृदयाची स्वतःची लय पुन्हा सुरू व्हायला जागा मिळते. रेषा सरळ असते तेव्हा थांबवायला काही उरलेलंच नसतं. मग छाती दाबायची, अँब्यूने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास द्यायचा, दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम ॲड्रेनालिन शिरेतून द्यायचं आणि हृदय कशाने थांबलं ते शोधायचं: पोटॅशियम वाढलंय का, रक्तस्राव झालाय का, ऑक्सिजन पोचत नव्हता का.

आणि खरं सांगू? रोजच्या ड्युटीत दिसणारी सरळ रेषा बहुतेक वेळा घामाने सुटलेल्या चिकटपट्टीची असते. छातीवरची लीड, म्हणजे मॉनिटरची वायर, निघाली की मॉनिटर बोंब मारतो. म्हणून आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात, आधी पेशंटकडे बघा, मग मॉनिटरकडे. मानेवर दोन बोटं ठेवून नाडी लागते का बघा. भेटायला आलेले नातेवाईक मात्र येतात ते थेट स्क्रीनकडे बघतच. बोटाचा प्रोब सरकला की आकडा पडतो आणि बाहेरपर्यंत रडारड. कोविडनंतर घराघरात ऑक्सिमीटर आले, तेव्हापासून हे जास्तच. मी प्रत्येकाला म्हणते, आधी त्यांच्या हाताला हात लावा, कपाळावर हात ठेवा. आकड्याचं मी बघते.

त्रास झाला म्हटलं, तो असा. काही वर्षांपूर्वीची नाइट. बेड सात. साठीचे गृहस्थ, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, त्यातून किडन्यांनी काम थांबवलेलं, व्हेंटिलेटरवर चौथा दिवस. पहाटे पावणेचारला हृदय थांबलं. लीड तपासल्या, नाडी बघितली. रेषा सरळच. दोन रेसिडेंट डॉक्टर, मी, माझ्या जोडीची सिस्टर आणि वॉर्डबॉय मामा, आम्ही आळीपाळीने 35 मिनिटं छाती दाबली. नाही आले ते परत.

त्यांचा मुलगा दाराच्या काचेतून बघत होता. रेसिडेंटने बाहेर जाऊन सांगितलं. तो रडला नाही. म्हणाला, "तुम्ही शॉक दिला नाहीत. मी बघत होतो. मशीन बाजूलाच होतं, कुणी हातसुद्धा लावला नाही." रेसिडेंट म्हणाला, "शॉक इंडिकेटेड नव्हता," आणि नऊ नंबरचा अलार्म झाला म्हणून आत पळाला. त्याचा दोष नाही, एका रात्रीत त्याच्याकडे बारा बेड होते. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "प्रायव्हेटला ठेवलं असतं तर दिला असता ना?"

हे वाक्य मी विसरलेले नाही. बाप गेला, आणि वर त्याला वाटतंय की आपल्याकडे पैसे नव्हते म्हणून गेला. मी त्याच्या शेजारी बाकावर बसले. औषधांच्या एका जुन्या चिठ्ठीच्या मागे दोन रेषा काढल्या, एक गिचमिड, एक सरळ. शॉक कुठल्या रेषेला देतात आणि का, ते सांगितलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही दाबत होतात, तेच औषध होतं?" म्हटलं, हो, तेच. "तुमचा घाम गळत होता. ते दिसलं मला," म्हणाला, आणि आईला फोन लावायला उठला.

1996 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात अमेरिकन टीव्हीचा एक अभ्यास आला होता. तीन कार्यक्रमांचे 97 भाग बघून त्यात हृदय थांबलेल्या पेशंटचं काय झालं ते मोजलं. 75 टक्के पेशंट तिथल्या तिथे वाचले आणि 67 टक्के बरे होऊन घरी गेले असं दिसत होतं. प्रत्यक्षात सगळ्या सोयी असलेल्या देशांतही, रुग्णालयातच हृदय थांबलेल्या मोठ्या माणसांपैकी घरी जातो तो चार-पाचांतला एखादा. टीव्हीवरचे पेशंट बहुतेक तरुण किंवा लहान मुलं होती. आमच्याकडे येतात ते वयस्कर, आधीच दोन-तीन आजारांनी पोखरलेले. आपल्या मालिकांचं असं कुणी मोजलं तर काय निघेल याचा अंदाज तुम्हीही करू शकता.

सीपीआर स्क्रीनवर खरा दाखवता येत नाही, हे मला मान्य आहे. धडधाकट नटाची छाती कुणी खरोखर दाबणार नाही, आणि दाबूही नये. म्हणून त्यांची कोपरं वाकलेली असतात आणि हात वरच्यावर. खरं दाबणं म्हणजे हात ताठ, मोठ्या माणसाची छाती किमान पाच सेंटिमीटर खाली, मिनिटाला 100 ते 120 वेळा, प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत माणूस बदलावा लागतो इतकं दमायला होतं. म्हाताऱ्या माणसाची बरगडी मोडते तेव्हा ते कानाच्या आधी तळहाताला कळतं. तरी थांबायचं नाही. मला मनापासून वाटतं की हे प्रत्येकाने शिकावं. घरात, प्लॅटफॉर्मवर कुणी कोसळलं, हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही, तर 108 ला फोन करा आणि छातीच्या मधोमध दाबायला लागा. ॲम्ब्युलन्स ट्रॅफिकमध्ये अडकलेली असते तेवढी मिनिटं तुमचेच हात असतात.

दुसरी गोष्ट, शेवटचं बोलणं. मालिकेत गंभीर पेशंटच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतो, तो बाजूला सारून पेशंट सगळ्यांचा निरोप घेतो, मालमत्तेचं सांगतो, गुपितं फोडतो. इतका अत्यवस्थ माणूस आमच्याकडे बहुधा व्हेंटिलेटरवर असतो. त्याची नळी तोंडातून थेट श्वासनलिकेत, स्वरयंत्राच्या पट्ट्यांच्या मधून गेलेली असते. बायकांमध्ये साधारण 21 आणि पुरुषांमध्ये 23 सेंटिमीटरच्या खुणेवर ती ओठांशी चिकटवलेली असते. त्यातून आवाज निघतच नाही. झोपेचं औषध कमी केलं की पेशंट डोळ्यांनी बोलतो, बोटाने चादरीवर अक्षरं काढतो. मी पॅड आणि जाड पेन जवळ ठेवते. सगळ्यात जास्त वेळा काय लिहितात माहितीये? "पाणी." तेही देता येत नाही, ओलं गॉझ ओठांवरून फिरवायचं. म्हणून कुणाला काही बोलायचं असेल तर ते आधी बोलून घ्या, घरी, चहा पिताना.

बाकीचं पटकन सांगते. नाडी धरून गोड बातमी कळत नाही, त्याला लघवीची नाहीतर रक्ताची तपासणी लागते. डोक्याला मार लागून गेलेली आठवण दुसऱ्या माराने परत येत नाही. दुसरा मार लागला तर मेंदूला आणखी इजाच होईल. एकाच्या हातातून नळी काढून दुसऱ्याच्या हातात रक्त चढवत नाहीत. रक्तपेढीत एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी म्हणजे सिफिलिस, मलेरिया एवढ्या तपासण्या होतात, मग क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त जुळतं का ते बघणं. मात्र दुर्मिळ रक्तगटासाठी धावाधाव दाखवतात, ती खरी असू शकते. आपल्या शहराच्या नावाचाच रक्तगट आहे, बॉम्बे ग्रुप. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इथेच शोधला. साध्या तपासणीत हा माणूस ओ गटाचा वाटतो, पण त्याला ओ गटाचंही रक्त चालत नाही, बॉम्बे ग्रुपचंच लागतं. त्यावर एखाद्या मालिकेने खरंखुरं कथानक करावं.

आणि कोमा. सिरीयलमधली सून सहा महिने कोमात असते, तरी केस विंचरलेले, ओठांना रंग. ते केस कोण विंचरतं, कूस कोण बदलतं, ते कुणी दाखवत नाही. बेशुद्ध माणूस एकाच कुशीवर पडून राहिला तर काही तासांत माकडहाडाची, टाचांची कातडी लाल व्हायला लागते. दुर्लक्ष झालं तर जखम हाडापर्यंत जाते. म्हणून दर दोन तासांनी पोझिशन बदलायची, बॅक केअर द्यायची, नाकातल्या रायल्स ट्यूबने फीड द्यायचं, तोंड स्वच्छ करायचं, डोळे मिटत नसतील तर त्यांत मलम घालायचं. केईएमच्या अरुणा शानबाग स्वतः परिचारिका होत्या. 1973 साली त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला कायमची इजा झाली, आणि 2015 साली त्या गेल्या. मधली 42 वर्षं केईएमच्या सिस्टर्सनी त्यांना सांभाळलं. ज्यांनी त्यांना चालता-बोलताना कधी पाहिलंही नव्हतं, अशा नंतर लागलेल्या मुलींनीसुद्धा. एवढी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोअर होऊ दिला नाही. आमच्या पेशात यापेक्षा मोठं कौतुक नाही.

कुणी मालिकावाल्याने मला विचारलं की एक खरा प्रसंग सांगा, तर मी पहाटे साडेपाचचा सांगेन. शॉक नाही, धावपळ नाही. आम्ही दोघी सिस्टर बेडच्या दोन बाजूंना, मावशी कोमट पाण्याचं भांडं घेऊन पायाशी. एकीचा हात पेशंटच्या खांद्याखाली, दुसरीचा कमरेखाली, व्हेंटिलेटरची नळी तिसऱ्या हातासारखी सांभाळायची. "काका, कूस बदलतोय हं, घाबरू नका," हे मोठ्याने सांगायचं, ते बेशुद्ध असले तरी. एक, दोन, तीन. पाठ पुसायची, कोरडी करायची, चादरीची सुरकुती ओढून काढायची, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी द्यायची. मग सातनंतर मॉर्निंगची सिस्टर येते, तिला औषधं, युरिन, व्हेंटिलेटरचं सेटिंग सगळं सांगून झालं की शेवटी सांगायचं, "डावी टाच जरा लाल वाटली गं. लक्ष ठेव."