मामांसाठी एकटा डग्गा

मामांना अटॅक आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि सोबत वाचाही गेली. तीस वर्षं गावच्या भजनात मृदंग वाजवलेला माणूस, आणि आता मामीला पाणी माग म्हटलं तरी तोंडातून शब्द निघेना. पण एकादशीला शेजारच्या घरात गजर सुरू झाला तर हे पडल्या पडल्या "विठ्ठल विठ्ठल" स्पष्ट म्हणाले, आम्ही सगळे बघतच राहिलो.

स्पीच थेरपिस्ट बाईंना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. बोलणं गेलेल्या बऱ्याच लोकांना गाता येतं, म्हणाल्या. 1973 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी यावरच मेलडिक इंटोनेशन थेरपी मांडली, म्हणजे शब्द सुरात म्हणायचा आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने ठोका द्यायचा. मला लगेच वाटलं, मग मामांना वाद्यच देऊया की!

आणि इथंच मी चूक केली. माळ्यावरचा त्यांचा मृदंग काढला, पुसला आणि कॉटवर त्यांच्यापुढं ठेवला. मामांनी एकदा बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं ते संध्याकाळपर्यंत. मृदंगाची शाई, म्हणजे पुडीवरचा काळा गोल, उजव्या हाताकडं, त्या हाताचेच बरेचसे बोल, आणि तोच हात मांडीवर लुळा पडलेला. मला तेव्हा कळायला हवं होतं. मामी काही बोलली नाही, गपचूप मृदंग परत वर ठेवला.

मग नवीन घ्यायचं ठरलं. आधी दिमडी बघितली, हलकी, छान, पण एका हातात धरून दुसऱ्याने वाजवायची, म्हणजे बाद. ढोलकीला दोन्ही हात लागतात. ऑनलाइन बघून जेंबे, म्हणजे आफ्रिकी ढोल, मनात भरला होता पण तो गुडघ्यात धरावा लागतो, उजव्या पायात जोर नसेल तर कलंडणार, आणि ओटीवाल्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) मॅडम म्हणाल्या की खुर्चीत सरळ बसता आलं पाहिजे, खांदा उचलावा लागू नये, हलक्या थापेला आवाज यावा. फायबरच्या पडद्याचा डफ पावसाळ्यात उतरत नाही, पण तोही एका हातात धरावा लागतो, शिवाय त्याचा आवाज मामांना आवडेल असं मला वाटेना.

दुकानात तबल्याच्या जोड्या मांडलेल्या होत्या आणि एकदम डोक्यात आलं की डग्गा तर डाव्या हाताचाच असतो ना! चुंबळीवर बसतो, धरावा लागत नाही, पितळी घेतला तर वजनामुळे सहज हलत नाही. आणि मामांच्या डाव्या हाताला धुम्याची, म्हणजे मृदंगाच्या डाव्या बाजूची, सवय आहेच, शिवाय धुम्यासारखी दरवेळी कणीक लावायची कटकट नाही. दुकानदार म्हणाले जोडीच न्या ताई, एकटा डग्गा कोण नेतं, मी सगळं सांगितल्यावर मात्र त्यांनी स्वतः चार-पाच डग्गे वाजवून त्यातला सगळ्यात मऊ घुमणारा काढून दिला.

कुणी घेणार असाल तर एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, लकव्याच्या पेशंटला तेलाची मालिश असते आणि तो तेलकट हात शाईला लागला की पुडी खराब होते, म्हणून आधी हात धुवून पुसायचा आणि थोडी पावडर लावायची. दमट हवेत पुडी सैल पडते, ओल्या भिंतीपाशी ठेवू नका. आणि दहा मिनिटं पुरे, दमतात फार. फिजिओ वगैरे सगळं चालूच ठेवायचं, हे त्याच्या जागी नाही.

आता सकाळी खुर्चीपुढं बुटक्या टेबलावर डग्गा असतो, विकतची चुंबळ घसरायची म्हणून मामीने जुन्या लुगड्याची शिवली. उजवा हात पितळेवर नुसता टेकवून ठेवतात, घुमारा तळव्याला लागावा म्हणून, आणि डाव्याने थाप. पा-णी, दोन थापा. च-हा, दोन थापा. पाच महिन्यांत सात-आठ शब्द पक्के झालेत, कधी अडतात, चिडतातही, आणि मग मामी गजर धरते.

मागच्या रविवारी त्यांनी माळ्याकडं बोट दाखवलं. मामीने मृदंग काढून शेजारी ठेवला. हात अजून लावला नाही, पण या वेळी तोंड फिरवलं नाही.