कार-टी सेल थेरपी : आमचं घोडं अडलं पेशी काढायच्या तारखेवर

कार-टी म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर पेशंटच्याच पेशी बदलून परत द्यायची थेरपी. तिच्याबद्दल सगळे दोनच गोष्टी विचारतात. खर्च किती आणि त्रास किती? आम्हाला सर्वांत जास्त मनस्ताप झाला तो तिसऱ्याच गोष्टीचा, पेशंटच्या पांढऱ्या पेशी काढायच्या तारखेचा. राग अजून गेलेला नाही.

या औषधाचा कच्चा माल म्हणजे पेशंटच्याच टी लिम्फोसाइट पेशी. त्या रक्तातून काढतात, प्रयोगशाळेत लेन्टिव्हायरसच्या मदतीने त्यांच्यात नवा जीन घालतात, आणि पेशंटला परत दिल्यावर त्या बी पेशींवरचं (कॅन्सर याच पेशींचा असतो) सीडी19 हे प्रथिन ओळखून हल्ला करतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार19ला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, त्यामुळे परदेशी जाण्याची गरज उरली नाही. पण मुळात पेशीच कमी निघाल्या तर पुढचं सगळं अडतं.

म्हणून सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, लिम्फोसाइटची टक्केवारी बघून खूश होऊ नका. गुणाकार करा. एकूण पांढऱ्या पेशी (दर मायक्रोलिटरला) 2400 आणि लिम्फोसाइट 18 टक्के, म्हणजे 432. साधारण 500 च्या वर आकडा असला तर बरं. कमी असेल तर सीडी3, म्हणजे नेमक्या टी पेशी, मोजायला सांगा. त्या 150 च्या वर असल्या तर बऱ्याच ठिकाणी काढायला घेतात. ल्युकेमियात मशीन ब्लास्टनाही (कच्च्या, कॅन्सरच्या पेशींनाही) लिम्फोसाइट समजू शकतं, तेव्हा स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) डोळ्यांनी बघितला आहे ना, हे विचारा.

आता स्टेरॉइड. डेक्सा, प्रेडनिसोलोन, हायड्रोकॉर्ट, सगळी एकाच माळेची. डोस गेल्यावर काही तासांतच रक्तातले लिम्फोसाइट घटतात, म्हणून पेशी काढण्याआधी तीन ते सात दिवस ती बंद ठेवतात. आमचे हे दिवस भरत आले होते. प्लेटलेट द्यायला एका डे-केअरमध्ये गेलो, आणि तिथे बाटली लावण्याआधी रिवाजाप्रमाणे ॲव्हिल (ॲलर्जीचं इंजेक्शन) आणि 100 मिलीग्रॅम हायड्रोकॉर्ट देऊन मोकळे झाले! कुणी फाइल उघडली नाही, कुणी विचारलं नाही. 100 मिलीग्रॅम हायड्रोकॉर्ट म्हणजे 25 मिलीग्रॅम प्रेडनिसोलोन. मोजणी पुन्हा पहिल्यापासून, तारीख गेली.

तारीख गेली म्हणजे नुसती खाट गेली असं नाही. ॲफेरेसिस मशीन (रक्तातून पेशी वेगळ्या काढणारं), पेशी नेणारी गाडी आणि प्रयोगशाळेतली जागा, तिन्ही एकाच दिवशी जुळावी लागतात. पुढची तारीख मिळेपर्यंत आजार वाढतो, वाढला की आवरायला डॉक्टरांना पुन्हा स्टेरॉइडच आठवतं, आणि ते दिलं की परत थांबा. तारीख देणाऱ्या टेबलाला औषधांचं काही ठाऊक नसतं, वॉर्डाला तारखेचं. मधे धावायचं आपण. यावर एकच उपाय: तारीख आधी पक्की करून तिथून उलटं मोजा, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहा, ‘अमुक तारखेपासून कुठलंही स्टेरॉइड नको, उलटीसाठीही नको, रक्ताआधीही नको’. उलटीच्या औषधांबरोबर डेक्सा सर्रास देतात. पांढऱ्या पेशी वाढवणारं जी-सीएसएफ इंजेक्शनही या काळात टाळतात, त्याने टी पेशी वाढत नाहीत.

प्रत्यक्ष पेशी काढणं त्या मानाने सोपं. 60 किलोच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असतं; तेच फिरवून फिरवून 10 ते 12 लिटर मशीनमधून जातं, तीन ते पाच तास. शेवटी हातात येते एक छोटी पिशवी. पिक लाइन (दंडातून घातलेली बारीक नळी) यासाठी चालत नाही, मशीनच्या ओढीने ती मिटते. हाताची शीर जाड नसेल तर डायलिसिसला घालतात तसला दोन तोंडांचा कॅथेटर लागतो, त्याची तयारी आदल्या दिवशीच करून घ्या. ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच सांगा. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं की मुंग्या थांबतात.

पेशी परत दिल्यावरच्या तापाबद्दल थोडक्यात: टी पेशी कामाला लागल्या की मोनोसाइट-मॅक्रोफेज या दुसऱ्या पांढऱ्या पेशी चेकाळतात आणि आयएल-6 हे दाह वाढवणारं प्रथिन सोडतात. त्यावर टोसिलिझुमॅब हे औषध असतं. मेंदूवर परिणाम होतोय का हे बघायला रोज एक वाक्य लिहायला लावतात. पेशंटला मराठीत लिहू द्या, आणि पहिलं वाक्य पेशी देण्याआधीच लिहून घ्या, म्हणजे अक्षर बिघडलेलं लगेच कळेल.

हो, रक्त-प्लेटलेट इरॅडिएट केलेलेच (किरण दिलेलेच) मागा, पेशी काढायच्या आधीच्या आठवड्यापासून. हिपॅटायटिस बीची फक्त एचबीएसएजी तपासणी पुरत नाही, अँटी-एचबीसीही करा. आणि लिम्फोमाच्या पेशंटला कुणी बेंडामस्टिन हे केमोचं औषध सुचवलं, तर सुरू करण्याआधीच कार-टीचा विषय काढा. ते औषध टी पेशींना महिनोन्‌महिने खाली दाबून ठेवतं.