वुडसाइडचं डायनर, स्पॅम आणि फुकटची कॉफी

न्यूयॉर्कला गेलेला माणूस टाइम्स स्क्वेअरला फोटो काढतोच, आम्हीही काढले, पण या ट्रिपमधलं सगळ्यात भारी खाणं झालं ते क्वीन्समध्ये, वुडसाइडला, दादा-वहिनीच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. रुझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर डोक्यावरून ७ नंबरची ट्रेन जाते, लोखंडी खांबांवरून, १९१७ पासून, आणि ती धडधडत आली की खाली बोलणारी माणसं अर्ध्या वाक्यात गप्प होतात आणि ती गेली की तिथूनच पुढे सुरू. अलीकडे आयरिश पब, पलीकडे फिलिपिनो बेकरी, आणि आतल्या गल्लीत हे छोटंसं कोरियन-अमेरिकन डायनर. नाव लिहीत नाहीये, कारण दादाने आधीच दम दिला होता, "नाव टाकलंस तर पुढच्या वेळी एअरपोर्टवर घ्यायला येणार नाही."

आत गेलं की टिपिकल अमेरिकन डायनर. स्टीलची कड असलेला काउंटर, गोल फिरणारी स्टुलं, काचेच्या झाकणाखाली पाय (म्हणजे सारण भरलेला गोड pie). पण केचपच्या बाटलीशेजारी तशाच बाटलीत गोचुजांग (मिरचीचा कोरियन सॉस), आणि काट्या-चमच्यांच्या डब्यात स्टीलच्या चपट्या चॉपस्टिक्स (लाकडाच्या नाही, कोरियन लोक स्टीलच्याच वापरतात, आणि त्या इतक्या सटकतात की पहिली पाच मिनिटं माझी करमणूक बाकीच्यांनी केली). मेन्यूतही तेच, दोन अंडी हवी तशी, टोस्ट, होम फ्राइज (परतलेले बटाट्याचे तुकडे), आणि खाली बारीक अक्षरात, होम फ्राइजऐवजी किमची (आंबवलेला तिखट कोबी) घातलेला फ्राइड राइस हवा तर दोन डॉलर जास्त. दिले अर्थात.

आम्हाला काउंटरवरच जागा मिळाली ते बरं झालं, समोर अख्खा तवा दिसत होता. साठीच्या एक बाई टोस्ट करत होत्या, कोरियात रस्त्यावर मिळतो तो, गिलगोरी टोस्ट. बारीक चिरलेला कोबी नि गाजर अंड्यात कालवायचं, तव्यावर ओतायचं आणि दोन उलथन्यांनी चारी बाजूंनी ढकलत ढकलत ब्रेडच्या मापाचा चौकोन करायचा, मग शेजारी बटरवर ब्रेड लालसर होतोय तो उचलायचा, त्यावर तो चौकोन, हॅम, आणि वरून चक्क चमचाभर साखर नि केचप. साखर बघून मी दादाकडे बघितलं, तो म्हणाला, "आधी खा, मग बोल." खाल्ला. साखर बटरमध्ये अर्धी विरघळलेली, अर्धी दाताखाली कुरकुरीत, कोबी कच्चट-करकरीत. पुढची दोन मिनिटं कुणी बोललंच नाही.

किमची राइस मात्र खरा हिरो. किमची जुनी, चांगली आंबलेली, कारण ताजी किमची परतून मजा येत नाही म्हणे, त्यात स्पॅमचे चौकोनी तुकडे कडेने खरपूस झालेले आणि वर हाफ फ्राय. आता हे स्पॅम बघून आपल्याकडचे लोक नाक मुरडतील की डब्यातलं मांस कसलं खाता. पण हे काही कुठल्या शेफच्या डोक्यातून आलेलं फ्यूजन नाहीये. स्पॅम अमेरिकेत १९३७ साली आलं आणि १९५०-५३ च्या युद्धात अमेरिकन सैन्याबरोबर कोरियात पोचलं, मांस मिळतच नव्हतं तेव्हा छावण्यांतून बाहेर येणारे सॉसेज, बीन्स, स्पॅम लोकांनी किमचीबरोबर उकळून खाल्ले, त्याचं बुडे जिगे झालं, ते आजही आवडीने खातात आणि त्यात आता चीजची स्लाइस नि इन्स्टंट नूडल्सही पडतात. चुसॉकच्या सणाला तिकडे स्पॅमचे गिफ्ट बॉक्स देतात, आपल्याकडे दिवाळीला काजूकतली द्यावी तसे! म्हणजे १९६५ मध्ये अमेरिकेचा इमिग्रेशन कायदा बदलल्यावर जी कोरियन कुटुंबं क्वीन्समध्ये आली ती अमेरिकन डबे घरच्या जेवणात धरूनच आली. एच मार्ट ही आता देशभर पसरलेली कोरियन किराणा दुकानांची चेनसुद्धा १९८२ मध्ये याच वुडसाइडमधून सुरू झाली.

वहिनी शाकाहारी, त्यामुळे किमची बघून मी निर्धास्त होतो, कोबीच तर आहे. पण त्या पक्क्या. "भाऊजी, त्यात कोळंबी असते आंबवलेली, नाहीतर फिश सॉस. विचारल्याशिवाय घ्यायची नाही." विचारलं, तसंच निघालं. मग त्यांच्यासाठी पॅनकेक, हॉटोक या कोरियन गोड पॅनकेकच्या धर्तीवरचे, यीस्ट घालून फुगवलेलं पीठ, मध्ये ब्राऊन शुगर, दालचिनी, दाणे. कापला की गरम पाक बाहेर, आणि जीभ भाजली तरी दुसरा घास लगेच जातोच.

तिखटाचं म्हणाल तर आम्ही कोल्हापूरचे, गोचुजांगने आम्हाला काही होत नाही. ते मुळात गोडसर-खारट, मिरचीपूड, चिकट तांदूळ आणि सोयाबीन महिनोन्‌महिने मुरवून केलेलं. पण तळलेल्या चिकनवर लागलं की काय विचारता! चिकन दोनदा तळतात, त्यामुळे वरचं कवच पातळ राहतं आणि सॉस लावूनही मऊ पडत नाही. हे वॉफलवर ठेवून देतात. वॉफलचं मला विशेष काही वाटलं नाही, नुसतं चिकन मागवा.

एक गोष्ट फार आवडली. अमेरिकन डायनरमध्ये कॉफीचा कप रिकामा दिसला की न विचारता भरतात, आणि कोरियन जेवणात बानचान म्हणजे मुळा, मोड, काकडी वगैरेच्या वाट्या फुकट येतात आणि संपल्या की परत येतात. इथे दोन्ही चालू! मुळ्याच्या वाटीवर दादाने जो हात मारला, वहिनींनी शेवटी काउंटरखालून पाय मारला.

बिल आलं तेव्हा नेहमीचं दुखणं, मेन्यूतल्या किमतीवर ८.८७५ टक्के टॅक्स, त्यावर वीस टक्के टिप, रुपयांत गुणाकार करू नका, जेवण पचणार नाही.

जायचं असेल तर रविवारी अकराच्या आत पोचा, नंतर फुटपाथवर लाइन लागते. ७ नंबरने ६१ स्ट्रीट-वुडसाइडला उतरायचं, वीकेंडला ट्रॅकचं काम चालू असेल तर पेन स्टेशनवरून लाँग आयलंड रेलरोडही इथेच थांबते. आणि नाव हवंच असेल तर दादाला विचारा, मी सांगितलेलं नाही.