हेरिटेज म्हटलं आणि मामा भडकले

परतवाड्याला लग्न होतं, त्याला जोडून चिखलदरा केलं. दोन दिवस धुकं, तिथली कॉफी, पॉइंटवर सेल्फीवाल्यांची झुंबड. विषय संपला. लिहायचंय ते अचलपूर स्टेशनबद्दल, जिथे आता गाडीच येत नाही.

हौस माझीच. आजी अंजनगावची, त्यामुळे शकुंतलेचं, म्हणजे इथून अंजनगाववरून मूर्तिजापूरला जाणाऱ्या छोट्या गाडीचं, नाव लहानपणापासून कानावर. सोबत मामा, वय 78, हातात काठी आणि डोक्यात लग्नातल्या मठ्ठ्याचा राग (पाणी होतं म्हणे नुसतं).

रूळ गवतात गडप, भिंतीतून पिंपळ वर आलेला, आणि पिवळ्या पाटीवर गावाचं नाव मराठीत दीर्घ, हिंदीत ऱ्हस्व. मामांनी दोन रुळांवर काठी आडवी ठेवली तर काठीच उरली. अडीच फुटी गेज ते! एवढ्याशा रुळांवरून वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला जायचा, तिथून मोठ्या गाडीने मुंबई आणि पुढे बोटीने थेट मँचेस्टर. शकुंतलेचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरचंच, 1921 सालचं, ते बिचारं 1994 पर्यंत राबलं. आणि कहर म्हणजे स्वातंत्र्यानंतरही लाइन किलिक निक्सन या खाजगी कंपनीच्या ताब्यातली, गाडी चालवणार आपली रेल्वे आणि पैसे मोजणार कंपनीला.

"मूर्तिजापूरले चार घंटे लागत," मामा सांगत होते, "गार्डच तिकीट फाडे. आमी चालत्या गाडीतून उतरून हरभरा उपटो अन् मांगच्या डब्यात चढो."

मग ते तिकीट खिडकीपाशी गेले. खालची फळी मधोमध खोलगट झालेली, इतकी वर्षं लोकांची मनगटं घासून. मामांनी आपलं मनगट त्या खळग्यात ठेवलं, आत वाकून पाहिलं, आत वाळका पाला आणि शेळीच्या लेंड्या. बराच वेळ हात काही काढला नाही.

आणि मला नेमकं तेव्हाच शहाणपण सुचलं. म्हटलं मामा, हे हेरिटेज म्हणून जपायला पाहिजे, छोटं म्युझियम, बाजूला एखादा कॅफे, लोक बघायला येतील.

"कायचं हेरिटेज बे? मले अकोल्याले डोळे दाखवाले जा लागते. गाडी पाह्यजे आमाले, फोटो नाही."

खोटं कशाला बोलू, तोवर माझे चाळीस फोटो काढून झाले होते, कॅप्शनसुद्धा ठरलेलं. फोन खिशात टाकला. रिक्षावाल्याने स्टँडपर्यंत किती घेतले ते सांगत नाही, लाज वाटते.

अंजनगावची एसटी खच्चून भरलेली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही, कंडक्टरने मामांना शून्य रुपयांचं तिकीट दिलं. मी म्हटलं, बघा, फुकटात प्रवास! मामा वरच्या दांड्याला लटकत म्हणाले, "हाव ना. म्हून त उभा हावो."