पाण्यावर होतास न्हवं?

पडद्याची दोरी तुटली म्हणून सेफ्टी पिन शोधत होतो. दुपारची वेळ, घरातली सगळी आडवी झालेली. शिवणाच्या डब्यात हात घातला तर पिन सोडून बाकी सगळं निघालं. बटणं, खडूचा तुकडा, कुणाच्या तरी ब्लाउजचे हुक. आणि तळाशी एक बिल्ला. लाल साटीनची फीत, वर चुण्या घालून केलेलं फूल, फितीवर चंदेरी शाईत 'स्वयंसेवक'. शेवटची दोन अक्षरं झडून गेलीत, आता नुसतं 'स्वयंसे' उरलंय. टाचणी गंजून कापडालाच चिकटलेली.

मी पाचवीत असतानाचा हा बिल्ला. आमच्याकडं बेळगावच्या आसपास भाताची मळणी आटपली की संमेलनांची सुगी सुरू होते. कडोली, येळ्ळूर, उचगाव... रविवार बघून एकेक गाव. सकाळी ग्रंथदिंडी, लेझीम, कलश घेतलेल्या बायका, मग उद्घाटन, परिसंवाद, जेवण, कथाकथन, आणि उन्हं उतरल्यावर कवी. साहित्यातलं मला तेव्हा काही कळत नव्हतं (आता तरी किती कळतंय म्हणा), पण जेवण कळत होतं.

त्या वर्षी मला पाण्यावर घातलं होतं. वाढपाची एक उतरंड असते. बुंदीवर ज्याचा हात आवरता आहे असा माणूस. आमटीवर जबाबदार माणूस, कारण सांडली तर समोरच्याचा पाय भाजणार. भातावर दणकट माणूस. पाण्यावर पोरं. स्टीलचा जग दोन्ही हातांनी धरून मी तीन पंगती फिरलो. दुसऱ्या पंगतीत एका आजोबांच्या पत्रावळीत पाणी सांडलं, भात तरंगायला लागला. ते काही बोलले नाहीत. मी खिशातल्या रुमालानं त्यांच्यापुढची जमीन पुसली आणि पुढं पळालो. पत्रावळ तशीच राहिली, हे नंतर लक्षात आलं.

वाढपी जेवायला बसले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मांडवात कुणीतरी आभार मानत होतं, कर्ण्यातून अर्धेमुर्धे शब्द चुलाण्यापर्यंत येत होते. बुंदी संपली म्हणून जाहीर झालेलं. एवढ्यात स्वयंपाकाकडं बघणारे अण्णा उठले आणि ओल्या पोत्याखालून एक बादली काढली. निम्मी बुंदी. सकाळीच बाजूला काढून ठेवलेली. "तुम्ही बसा गा, आज मी वाढतो," म्हणाले आणि धोतराचा सोगा खोचून वाढायला लागले. प्रत्येकापुढं थांबून काहीतरी बोलत होते. कुणाला, "तिसऱ्या पंगतीला भात कमी पडायला लागला तर तूच धावलास." कुणाला, "लाकडं ओली होती, तरी जाळ लावलास की."

माझ्यापुढं आले. "तू पाण्यावर होतास न्हवं? म्हाताऱ्याच्या पानात सांडलास. पुसलास पण. बघितलो मी."

आणि दोन मुठी बुंदी.

नंतर शाली मिळाल्या. माझ्या कपाटात सात आहेत, आणि त्यातली एक तरी दुसऱ्या कुणाला मिळालेली असणार अशी मला दाट शंका आहे, कारण तिच्या घडीत मागच्या सत्काराच्या अक्षता निघाल्या. सन्मानचिन्हं तर धूळ पुसायला वैताग. त्या मानानं नारळ प्रामाणिक, दुसऱ्या दिवशी चटणीत जातो आणि विषय संपतो. आभारप्रदर्शनात मला एकच वाक्य खुपतं: 'अनवधानानं कुणाचं नाव राहून गेलं असल्यास क्षमस्व'. आमच्यात हे वाक्य आलं की लोक उठायला लागतात, साऊंडवाला वायर गुंडाळायला घेतो. अनवधान नाही हो, कागदावर आधीपासून लिहून आणलेलं असतं ते.

बेळगावच्या टिळकवाडीत काँग्रेस विहिरीवरून जाताना मला हे हटकून आठवतं. 1924 च्या डिसेंबरातलं काँग्रेसचं अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच. एवढ्या माणसांना पाणी पाहिजे म्हणून विहीर काढली. डॉ. हर्डीकरांनी काँग्रेसच्या कामासाठी उभारलेल्या सेवादलाचे स्वयंसेवक राबत होते. अध्यक्ष कोण, स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे, हे आम्ही शाळेत पाठ केलं. कठड्याजवळ मात्र मला जग घेतलेली पोरंच दिसतात. त्यांतलं एखादं कुणाच्या तरी पानात सांडलं असेलच.

तर गेल्या हिवाळ्यात आभार माझ्यावरच आले. ठरवलं, नावांची यादी वाचायची नाही, कामं सांगायची. आठवडाभर वही घेऊन फिरलो. पहाटे रताळ्याच्या रानातून वाट काढून खांब कुणी आणले, ग्रंथदिंडीच्या बैलांना पाणी कुणी दाखवलं, सगळं लिहिलं. माईकवर उभा राहिलो, मनासारखं बोलत होतो, आणि मध्येच ध्यानात आलं की ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यातलं मांडवात कुणीच नाही. कसं असणार? वाढपी वाढत होते, भांडीवाल्या भांडी घासत होत्या. समोर पहिल्या रांगेत शाल घेतलेले पाच जण, आणि मागं बसची वेळ बघणारे पाहुणे.

वहीत लिहिलेल्यांतला एक पोरगा सकाळपासून शेतात गाड्या लावून घेत होता. दिवसभर उन्हात, तोंडात शिट्टी. त्याच्याबद्दल मी चांगली चार वाक्यं बोललो होतो. ती वाया जाऊ नयेत म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. अंगणात खुर्च्या मोजत होता. म्हटलं, "काल तुझ्याबद्दल बोललो बघ माईकवर. एकही गाडी अडकली नाही, ती अॅम्ब्युलन्स आली तेव्हा तू वाट मोकळी केलास..."

"व्हय?" म्हणाला. मग जरा थांबून, "अॅम्ब्युलन्सचं तुम्ही बघितलासा?"

"बघितलो की."

तो हसला. एवढं एकच. मग परत खुर्च्यांकडं वळला. "काका, एक खुर्ची कमी भरायली आहे. तुमच्याकडं आली काय बघा की जरा."

आली आहे. पाठीवर पांढऱ्या रंगात मंडळाचं नाव. आत्ता डबा मांडीवर घेऊन तिच्यावरच बसलोय. न्यायला येतो म्हणाला होता, अजून काही आलेला नाही. पिन तर मिळालीच नाही. पडदा तूर्त तिच्याच पाठीवर टाकलाय.