गोट्यांच्या किनाऱ्यापर्यंत: आयोना बेटावरची पायी यात्रा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मल नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या नैऋत्य टोकाला, जेमतेम दीड किलोमीटरच्या खाडीपलीकडे, आयोना. लांबी पाच किलोमीटर, रुंदी अडीचच्या आत, वस्ती दोनशेच्याही खाली. इ.स. ५६३ मध्ये आयर्लंडहून बारा सोबत्यांना घेऊन आलेले सेंट कोलम्बा याच बेटावर उतरले आणि इथल्या मठातून स्कॉटलंडच्या मोठ्या भागात ख्रिस्ती धर्म पसरला. परंपरा सांगते की त्यांची होडी लागली ती बेटाच्या पार दक्षिण टोकाला, गोट्यांच्या एका किनाऱ्यावर. नाव सेंट कोलम्बाचा उपसागर. गेलिक भाषेत पोर्ट ना कुराख, म्हणजे होडीचं बंदर. कुराख ही वेताच्या सांगाड्यावर कातडं ताणून केलेली होडी. मठ, दुकानं, धक्का सगळं पूर्वेच्या बाजूला आहे. दक्षिणेला फक्त वाट, चिखल आणि समुद्र.

चालायच्या आधी वेळेचं गणित मांडा, कारण बहुतेकांची यात्रा तिथेच फसते. ग्लासगोहून ओबन या किनाऱ्यावरच्या बंदराला रेल्वेने तीन तासांच्या वर लागतात. ओबनहून मल बेटावरच्या क्रेगन्यूरची बोट पाऊण तासाला जराशी जास्त, पुढे मल ओलांडून फिनफोर्टपर्यंत बसने सव्वा तास. हा रस्ता एकपदरी. समोरून गाडी आली की बाजूच्या फुगवट्यात थांबायचं, म्हणून घाई करून काही उपयोग नसतो. फिनफोर्टहून आयोनाची छोटी बोट दहा मिनिटांची. पाहुण्यांना गाडी बेटावर नेता येत नाही आणि नेऊन करायचं तरी काय, रस्ताच तेवढासा. ओबनहून एका दिवसात जाऊन येणाऱ्यांना बेटावर साधारण दोन-अडीच तास मिळतात. तेवढ्यात मठ नीट पाहून होतो. धक्क्यापासून गोट्यांच्या किनाऱ्यापर्यंत मात्र एका बाजूचं अंतर चार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि शेवटच्या दोन किलोमीटरांत पाय सपाट जमिनीवर पडत नाही. जायला सव्वा ते दीड तास, यायला तेवढाच. किनाऱ्यावर बसायला तासभर तरी हवाच. म्हणून माझं ठाम मत: बेटावर किमान एक रात्र मुक्काम करा. खोल्या थोड्या आहेत, उन्हाळ्यासाठी कित्येक महिने आधी ठरवावं लागतं. हॉस्टेल उत्तर टोकाला आहे, तिथे उतरलात तर वाट आणखी लांबते हे धरून चाला.

सामानाचं सांगतो. घोट्याच्या वर येणारे, पाणी न शिरणारे बूट. नुसते धावण्याचे बूट घालून गेलेल्याचे मोजे अर्ध्या वाटेत भिजतात आणि परतीत टाचेला फोड येतो. जीन्स नको, ती भिजली की सुकत नाही आणि पायाला गार चिकटते. वर-खाली दोन्ही पावसाळी कपडे घ्या. जुलैतही वाऱ्यात अंगाला गारठा जाणवतो. छत्री इथे निकामी, वारा ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी करतो. मोज्यांची एक जास्तीची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत. माणशी एक लिटर पाणी आणि थर्मासात चहा. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले फुटाणे असं वाऱ्यात उडणार नाही आणि सांडणार नाही ते खायला न्या. गाव सोडल्यावर दुकान नाही, शौचालय नाही, आडोसा नाही आणि मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंजही नाही. गावातून निघतानाच सगळं उरकून घ्या, आणि मुक्कामाच्या जागी कुठे चाललो ते सांगून ठेवा.

धक्क्यावर उतरलं की बहुतेक लोक उजवीकडे मठाकडे वळतात. किनाऱ्याची वाट डावीकडे, दक्षिणेला. डांबरी रस्ता समुद्राला धरून जातो आणि लगेच हुतात्म्यांचा उपसागर लागतो. छोटीशी पांढरी वाळू. इ.स. ८०६ च्या व्हायकिंग हल्ल्यात ६८ भिक्षूंची हत्या झाली, ती इथे झाल्याचं सांगतात. तिथे मिनिटभर थांबावं आणि मग चालू लागावं. काही अंतरावर रस्ता पश्चिमेकडे वळतो आणि बेट आडवं ओलांडतो. दोन्ही बाजूंना शेतं, तारेची कुंपणं, मेंढ्या. मे-जूनमध्ये उंच गवतातून कॉर्नक्रेक पक्ष्याचा आवाज येतो, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा करकर. पक्षी सहसा दिसत नाही आणि तो शोधायला गवतात शिरू नये. घरटं जमिनीवरच असतं. रस्ता संपायच्या जरा आधी डावीकडे एक हिरवा उंचवटा दिसतो. कोलम्बा तिथे देवदूतांशी बोलत होते, अशी कथा त्यांचं चरित्र लिहिणाऱ्या आडोम्नान यांनी नोंदवली आहे.

मग फाटक. मेंढ्यांच्या रानातलं प्रत्येक फाटक जसं होतं तसं लावायचं, आणि मागून कोणी येतंय असं धरून चालायचं नाही. पलीकडे माखर, म्हणजे वाळूवर वाढलेलं आखूड गवताचं सपाट मैदान. शिंपल्यांच्या चुऱ्याने या वाळूत चुना भरपूर, म्हणून गवत दाट आणि उन्हाळ्यात फुलांनी भरलेलं. याच मैदानावर गोल्फचा कोर्स आहे, चरणाऱ्या गायी-मेंढ्यांसकट. समोर जो किनारा आहे त्याच्या नावाचा अर्थ होतो महासागराच्या पाठीचा उपसागर. इथे समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेला वळायचं. चालायला ही सगळ्यात सुखाची जागा आणि म्हणूनच फसवी. पुढेही असंच असेल असं वाटतं.

मैदान संपतं तिथून दगडांची गाडीवाट चढते. चढ छोटा पण दम लावणारा. पावसानंतर याच वाटेने पाणी खाली येतं. वर गेलं की स्टोनेग तळं, काळ्या पाण्याचं, भोवती हेदरची झुडपं. यात्रेचा खरा कस इथे लागतो. जमीन म्हणजे पीट, शेकडो-हजारो वर्षं अर्धवट कुजत साठलेली शेवाळं. ती स्पंजासारखी पाणी धरते. वरून हिरवी दिसते, पाय टाकला की घोट्यापर्यंत आत.

पाऊल कुठे टाकायचं हे रंगावरून कळतं. चकाकणारं पोपटी किंवा लालसर शेवाळ दिसलं की ते पाणीच समजा. गवताचे कापसासारखे पांढरे तुरे वाऱ्यावर हलतात ते सुंदर दिसतात, पण तीही ओल्या जागेची खूण. हेदरची काटक तपकिरी झुडपं आणि लव्हाळ्याचे जाड गड्डे पाय पेलतात. गड्ड्यावर अख्खं वजन टाकण्याआधी काठीने किंवा बुटाच्या टोकाने दाबून पाहा. हलला तर पुढचा शोधा. उडी मारू नका. उडीत दोन्ही पाय एकदम उतरतात आणि मग दोन्ही रुततात. एक पाय रुतलाच तर तो सरळ वर उपसू नका, आत पोकळी होऊन बूट मागे राहतो. टाच हळू हलवून हवा आत शिरू द्या, मग तिरका काढा. पंढरीच्या वाटेवर काळ्या रानातून चाललेल्यांना हे शिकवावं लागत नाही, फक्त इथलं पाणी बर्फासारखं गार असतं.

तळ्यानंतर वाट फुटते. खरं तर वाट एकच आहे, बाकी मेंढ्यांनी पाडलेल्या. मेंढी चाऱ्याकडे जाते, किनाऱ्याकडे नाही. त्यामुळे सगळ्यात ठळक वाट बरोबर असेलच असं नाही. दक्षिण धरून राहा. डावीकडे, पूर्वेला उतार लागला तर तुम्ही संगमरवराच्या जुन्या खाणीच्या बाजूला चाललात. ती खाण पाहण्यासारखी आहे, गंजलेली यंत्रं अजून तिथेच पडली आहेत आणि मठातली वेदी याच बेटाच्या संगमरवराची आहे. पण तिथून किनाऱ्याकडे जाणारा मार्ग खडकांतला, चढ-उतारांचा आणि खुणा नसलेला आहे. पहिल्या खेपेला माहीतगाराशिवाय तो करू नये. धुकं उतरलं आणि तळंही दिसेनासं झालं तर पुढे न जाता आल्या पावली मागे फिरा. होकायंत्र आणि कागदी नकाशा याच दोनशे-तीनशे पावलांसाठी न्यायचा असतो.

आयोना कम्युनिटी ही १९३८ मध्ये जॉर्ज मॅकलाउड यांनी सुरू केलेली संस्था हंगामात बेटाची पायी प्रदक्षिणा काढते. नवख्याने शक्य असेल तर तिच्याबरोबरच जावं. मठासमोरच्या सेंट मार्टिनच्या क्रॉसपासून निघतात. आठव्या शतकातला हा दगडी क्रॉस अजून आपल्या जागी उभा आहे. वाटेत ठरलेल्या जागी थांबून प्रार्थना, एखादं गीत, थोडं मौन. पालखीच्या विसाव्यांची सवय असलेल्या माणसाला ही लय लगेच उमगते. चालणाऱ्यांत सगळ्या पंथांचे आणि कुठलाच पंथ न मानणारेही असतात, आणि कोणी कोणाला विचारत नाही. वार आणि वेळ आदल्या दिवशी मठात विचारून घ्यावी, हवामानावर ती बदलते.

शेवटचा उतार घळीतून येतो. आधी लाटांचा आवाज येतो, मग हिरवळीचा सपाट तुकडा, आणि मग एकदम गोटे. हजारो, लाखो. मधल्या खडकाने किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. वरच्या बाजूला नारळाएवढे, खाली पाण्याकडे उतरत जाताना लिंबाएवढे, मग वाटाण्याएवढे. वादळातल्या लाटा जड गोटे वर फेकतात. परतीचं पाणी गोट्यांच्या फटींत जिरून कमजोर होतं आणि ते खाली ओढून नेऊ शकत नाही, म्हणून वर त्यांचे बांधच्या बांध साचतात. लाट मागे सरकते तेव्हा सगळा उतार एकदम खडखडतो. तो आवाज ऐकण्यासाठी तरी पंधरा मिनिटं काही न बोलता बसावं.

इथे चालणं चिखलापेक्षाही जपून. गोटा पायाखाली गोल फिरतो आणि घोटा मुरगळतो, आणि इथून मुरगळलेल्या पायाने चार किलोमीटर परत जायचं असतं. पाऊल सपाट, गुडघे किंचित वाकलेले, उताराला आडवं चालायचं. ओल्या गोट्यांच्या पट्ट्यात पाठ समुद्राकडे करून वाकू नका. किनारा दक्षिणेला उघडा आहे आणि लहान लाटांमध्ये एखादी अचानक भलतीच वर येते. पोहायला उतरण्याची ही जागा नाही. ओहोटीला आलात तर खालचे बारीक रंगीत खडे मोकळे सापडतात, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून ठेवा.

रंगांचं काय सांगावं. या बेटाचा मूळ खडक जगातल्या अतिप्राचीन खडकांपैकी, राखाडी-काळ्या पट्ट्यांचा. त्याचे गोटे पट्टेदार. गुलाबी ते ग्रॅनाइटचे, समोरच्या मल बेटावरच्या खडकासारखे. पांढरे गारेचे. आणि ज्यासाठी लोक तासन्‌तास वाकून शोधतात ते हिरवे, सर्पेंटाइनचे. सगळेच हिरवे खडे सर्पेंटाइनचे नसतात. बोटांत धरून उजेडाकडे करा. खऱ्याची कड मधातून दिसावं तशी पिवळट हिरवी उजळते, आणि अंगठ्याला तो ओल्या साबणासारखा लागतो. नुसता गर्द हिरवा, आतून उजेड न जाणारा असेल तर तो दुसरा दगड. बेटावर या हिरव्या खड्यांना जलपरीचे अश्रू म्हणतात, आणि तो जवळ असला की माणूस बुडत नाही अशी जुनी श्रद्धा आहे. नर्मदेचे बाण आणि गंडकीचे शाळीग्राम देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या घरांतल्या लोकांना पाण्याने घडवलेला दगड हातात घेताना काय वाटतं ते समजावून सांगायला नको.

यात्रेचा विधी दोन खड्यांचा आहे. एक उचलायचा, मागे टाकायचं ते मनात आणायचं, आणि तो समुद्रात फेकायचा. मग दुसरा उचलायचा, पुढे न्यायचं ते मनात धरून खिशात ठेवायचा. यामागे कोलम्बांचीच गोष्ट आहे. आयर्लंड दिसेल तिथे राहायचं नाही असा त्यांचा निश्चय होता, अशी परंपरा आहे. इथे उतरून ते जवळच्या टेकडीवर चढले, मायभूमी दिसली नाही, मग राहिले. त्या टेकडीच्या नावाचा अर्थच ‘आयर्लंडकडे पाठ केलेली’. फेकायचा खडा वरच्या कोरड्या बांधावरून फेका, खाली कोणी नाही ना ते पाहून. घाईत उचललेला पहिलाच खडा फेकू नका. हातात तो कोमट होईपर्यंत धरा. दुसरा निवडायला त्याहून जास्त वेळ द्या. लोक मठात तासन्‌तास घालवतात आणि इथे दहा मिनिटांत फोटो काढून वळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. किनाऱ्यावर गोट्यांचे जुने ढीग आहेत, भिक्षूंनी प्रायश्चित्त म्हणून रचलेले असं सांगतात. त्यांतला दगड घेऊ नये, नवे ढीगही रचू नयेत. न्यायचा तो एकच, मुठीत मावेल एवढा.

परतताना वारा बहुधा डावीकडून, समुद्राकडून येतो आणि थकवा नेमका तळ्यापाशी जाणवतो. चहा तिथे न पिता खाली मैदानावर पोहोचून प्या. जून-जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा दुपारी बाराच्या आत निघा नाहीतर जाऊच नका. ब्रॅकन नावाच्या उंच नेच्यांतून गेला असाल तर मुक्कामी पोहोचल्यावर पाय, गुडघ्यांच्या खाचा आणि कंबर तपासा. गोचीड बारीक असते, तिळाएवढी, आणि लाइम आजार पसरवते. चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ ओढायची, पिळायची नाही.

खिशातला खडा सुकला की त्याचा रंग मावळतो, राखाडी दिसू लागतो. चुकीचा उचलला असं वाटतं. वाटीभर पाण्यात ठेवा, हिरवा परत येतो.